अठराव्या मसुद्याआधी

जाहिरात एजन्सीत रात्री नऊनंतर काम कमी आणि वाट पाहणं जास्त असतं. क्लायंटचा होकार यायचा असतो. तो आला की स्टुडिओ फायनल आर्टवर्क करणार, मग ते छापायला जाणार. दिवसभर कॉन्फरन्स रूममध्ये जे बोललं जात नाही ते या वेळात बोललं जातं. पुढचा वाद असाच रंगलेला आहे. वाद घालणारे दोघं विशिष्ट कुणी नाहीत, मुंबईतल्या बहुतेक एजन्सींमध्ये अशी जोडी सापडेल. एक आहेत आर्ट डायरेक्टर. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून शिकलेले, फोर्टातल्या ऑफिसात ब्रोमाइड आणि रबर सोल्यूशनवर काम सुरू केलेले, आता लोअर परळला गिरणीच्या आवारात दोन मॉनिटरांसमोर बसणारे, निवृत्तीला टेकलेले. त्यांना सगळे काका म्हणतात. दुसरी आहे ज्युनिअर कॉपीरायटर, साताऱ्याकडची, मराठी आणि हिंदीत लिहिणारी, नोकरीला अजून दोन वर्षंही न झालेली.

विषय तिनेच काढला. या धंद्यात नवख्याला पहिल्या दिवसापासून सांगतात की सीनियर लोकांच्या शेजारी बस, आपोआप शिकशील. तिचं म्हणणं, आपोआप काहीही होत नाही.

"शेजारी बसून मी एकच गोष्ट शिकले, की जेवायला कधी उठायचं नाही. बाकी रिव्ह्यूत काय होतं? चाळीस लाइनी लिहून न्यायच्या, समोरच्याने वीस सेकंदांत कागद उलटायचे आणि म्हणायचं, 'मजा नहीं आया.' यातून काय शिकायचं ते सांगा."

"आणखी चाळीस लिहायला," काका म्हणाले. "'मिले सुर मेरा तुम्हारा' कसं लिहिलं गेलं, ठाऊक आहे ना?"

ही हकिगत एजन्सीत प्रत्येकाला ठाऊक असते. १९८८ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर आलेल्या त्या गाण्याचे शब्द पीयूष पांडे यांचे. संगीत अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचं, आणि सुरुवातीचा आवाज पंडित भीमसेन जोशींचा. पांडे तेव्हा ओगिल्वी एजन्सीत होते आणि शब्द तपासत होते त्यांचे वरिष्ठ सुरेश मलिक. पांडे यांनीच पुढे सांगितलं आहे की त्यांचे सतरा मसुदे मलिकांनी परत केले आणि अठरावा घेतला.

"सतरा," काका म्हणाले. "आणि तू चाळीस लाइनींवर रडतेस."

"मला सतराचं काही वाटत नाही. परत करताना मलिक काय म्हणाले, ते मला हवंय. नुसतं 'नाही' म्हणाले की 'का नाही' तेही सांगितलं?"

"सतराव्यापर्यंत पांड्यांना कळलंच असणार. नाहीतर अठरावा आला कुठून?"

"डेडलाइनमधून."

काकांना हसू आवरेना. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एजन्सीच्या दंतकथांमध्ये नाकारलेल्या मसुद्यांचे आकडे असतात, नकाराची कारणं क्वचितच. आकडा ऐकून नवख्याला सहनशक्ती म्हणजेच शिक्षण वाटायला लागतं. सहनशक्ती लागते हे खरं, पण ती रेल्वेच्या तिकीट खिडकीवरही मिळते.

ती थांबली नाही. "आणि पांड्यांचंच उदाहरण घेतलंत तर पूर्ण घ्या. ते राजस्थानकडून रणजी खेळले, कोलकात्यात चहाची चव घेण्याची नोकरी केली, १९८२ मध्ये ओगिल्वीत आले तेही क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. म्हणजे जाहिरात लिहायला लागण्याआधी त्यांनी सगळं बाहेर पाहून घेतलं होतं. तेव्हा एजन्सीत विचार इंग्रजीत व्हायचा आणि हिंदी, मराठी त्याच्यामागून यायची. फेविकॉलची ती माणसांनी खचाखच लगडलेली बस कुठल्या क्रिएटिव्ह डायरेक्टरने शिकवली असेल? ती रस्त्यावर पाहिलेली होती. सीनियरांकडून शिकले असते, तर त्यांनीही छान इंग्रजी हेडलाइनी लिहिल्या असत्या."

"आणि सर्व्हिसिंगमधल्या माणसाला लिहायला कुणी बसवलं? हा नुसता मीटिंगच्या नोंदी करणारा नाही, हे कुणीतरी हेरलंच ना? मलिकांनीच हेरलं. तुझा पांडे सीनियरांशिवाय झालेला नाही."

एकच साक्षीदार दोन्ही वकिलांनी बोलवावा, तसं झालं होतं. पांडे ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. त्यानंतर छापून आलेल्या आठवणींमध्येही हे दोन्ही पांडे दिसत होते: कुणाला गल्लीतली भाषा जाहिरातीत आणणारा दिसला, कुणाला नवख्यांना खांद्यावर घेणारा. दोन्ही खरे होते. पण वरिष्ठांकडून काय घ्यायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नव्हतं. म्हणून बोलणं त्या दिवशीच्या कामाकडे वळलं.

दुपारी दोघांनी पंख्यांच्या एका कंपनीचं होर्डिंग केलं होतं, पुणे हायवेवर लागणारं. तिची ओळ होती, 'उन्हाळा कितीही तापला तरी तुमच्या घरातली दुपार आता निवांत झोपणार आहे.' काकांनी ती वाचली, काहीच बोलले नाहीत. ले-आउटची व्हिजिटिंग कार्डाएवढी प्रिंट काढली, कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीवर चिकटवली आणि तिला दुसऱ्या टोकाला उभं केलं. म्हणाले, चालत ये, आणि माझ्या टेबलापर्यंत पोचशील तोवर वाच. पंखा दिसला. 'उन्हाळा' वाचता आला. बाकीच्या ओळीत काळ्या मुंग्या दिसत होत्या.

मग कापाकापी सुरू झाली. मे महिन्यात गाडीत बसलेल्याला उन्हाळा आहे हे होर्डिंगने सांगायची गरज नाही, ते गेलं. तापला तरी काय होतं, ते पंख्याचं चित्र सांगतं, तेही गेलं. 'तुमच्या घरातली' गेल्याने कुणाचं काही अडलं नाही. उरलं ते 'दुपार निवांत झोपणार', आणि त्यातून तिनेच काढलं: 'दुपारला डुलकी लागली.' काकांनी ते लावलं आणि आता त्यांची स्वतःची झटापट सुरू झाली. 'दु' आणि 'डु' या दोन्ही अक्षरांचे उकार खाली लोंबतात आणि थेट लोगोच्या डोक्यावर आदळतात. 'की'ची वेलांटी वर पंख्याच्या पात्यात शिरते. ओळ थोडी वर घेतली, पातं जरा कापलं, लोगो उजवीकडे सरकवला. पुन्हा प्रिंट, पुन्हा भिंत. या वेळी ती तिसऱ्या पावलावरच थांबली, कारण वाचून झालं होतं.

"हे मी शिकले," ती आता म्हणाली. "तुम्ही 'मजा नहीं आया' म्हणाला नाहीत. भिंत दाखवलीत. पुढच्या होर्डिंगला मी तुमच्याशिवाय भिंतीकडे जाईन. आणि तुम्ही आर्टवाले. कॉपीतलं हे मला कॉपीच्या कुणी शिकवलं नाही."

हा मुद्दा जाहिरातीच्या इतिहासात जुना आहे आणि गंमत म्हणजे तो काकांच्या बाजूने जात नाही. न्यूयॉर्कमध्ये बिल बर्नबाक १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला विंट्रॉब एजन्सीत काम करत होते. तेव्हा रीत अशी की कॉपीरायटरने मजकूर लिहायचा आणि तो आर्ट विभागाकडे पाठवायचा. चित्रकाराने त्याला चित्र जोडायचं. विंट्रॉबमध्ये बर्नबाकना आर्ट डायरेक्टर पॉल रँड भेटले. दोघं बरोबर बसून जाहिराती करायला लागले आणि शब्द-चित्र एकत्र सुचू शकतं हे बर्नबाकना तिथे उमगलं. १९४९ मध्ये त्यांनी भागीदारांसह डॉइल डेन बर्नबाक काढली आणि कॉपीरायटर-आर्ट डायरेक्टरची जोडी हाच कामाचा पाया केला. फोक्सवॅगनची १९५९ मधली 'थिंक स्मॉल' जाहिरात अशाच एका जोडीची, ज्युलियन केनिग आणि हेल्मुट क्रोन यांची. आज जगभरच्या एजन्सींत जोड्या बसतात त्या याच पायावर.

"तर?" काका म्हणाले. "बर्नबाक रँडकडून शिकले. माझंच म्हणणं झालं."

"रँड बर्नबाकपेक्षा तीन वर्षांनी लहान होते."

काका गप्प.

"अनुभवी म्हणजे केस पिकलेला, असं आपण धरून चालतो. मला तर स्टुडिओतल्या फिनिशिंग आर्टिस्टने शिकवलंय की वर्तमानपत्राच्या कागदावर उलटी पांढरी अक्षरं बारीक ठेवली की शाईत बुडतात. मी एकदा कव्हरचं लाल लालभडक मागितलं होतं, तेव्हा प्रॉडक्शनवाल्यांनी छपाईच्या चार रंगांत कुठला लाल येतच नाही ते दाखवलं. यांना कुणी मेंटॉर म्हणत नाही. यांच्या नावाने दरवर्षी कुणी वर्कशॉप घेत नाही. आणि ज्यांच्या नावाने घेतात, ते तीन तास स्वतःच्या अवॉर्डांच्या फिल्म दाखवतात."

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. काकांच्या मागच्या कपाटावरही दोन ट्रॉफ्या होत्या.

त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही, आर. के. जोशींचं नाव काढलं. "तू रोज मराठी टाइप करतेस. कंप्युटरवर वर्षानुवर्षं मंगल हाच फाँट उघडत आला. तो कुणी केला? र. कृ. जोशींनी. जे. जे. मधून शिकलेला, उल्का एजन्सीत वर्षानुवर्षं आर्टचं काम केलेला माणूस. पुढे आयआयटीत शिकवायला गेला. आमच्या पिढीने देवनागरी अक्षराकडे पाहायचं कसं, ते त्यांच्यापासून घेतलं. दोन अक्षरांमधलं अंतर, रफार किती उंच, जोडाक्षर उभं की आडवं. हे कुठल्या रिव्ह्यूत 'कारण' म्हणून सांगता येत नाही गं. हात धरून, पाहून, चुकून येतं. तुला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं. कधी कधी कारण हाताला कळतं, तोंडाला नाही."

इथे काका बरोबर आहेत. कामाचा मोठा भाग असा असतो की शिकवणाऱ्यालाही तो मांडता येत नाही. गाण्यातल्या घराण्यांचा दाखला अशा वेळी हमखास येतो, आणि आलाच: गुरूसमोर बसायचं, वर्षं घालवायची, मग गळ्यात उतरतं.

"घराणी नका आणू," ती म्हणाली. "यमन तीनशे वर्षांपूर्वीही यमनच होता. तुम्ही प्रेस अॅडमध्ये शिकलात तोवर टीव्ही आला, टीव्हीत हात बसला तोवर डिजिटल आलं. आज मी सहा सेकंदांची फिल्म लिहिते, जी लोक आवाज बंद करून बघतात. यात तुमचं कोणतं घराणं?"

"अमूल."

हे उत्तर मात्र तिला अपेक्षित नव्हतं. अमूलची पोलका-डॉटवाली मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर आहे. सिल्व्हेस्टर द कुन्हा यांची एजन्सी, युस्टेस फर्नांडिस यांचं चित्र, आणि पुढे सूत्रं राहुल द कुन्हांकडे. आपले भरत दाभोळकर नाटकांत गाजले, त्याआधी आणि त्याचबरोबर तेही या होर्डिंगांवर काम करत होते. जयंत राणे चित्रं काढतात, मनीष झवेरी ओळी लिहितात, आणि ही मंडळी दशकानुदशकं एका टेबलाभोवती आहेत. विषय रोजच्या बातम्यांतला आणि रेषा तीच. माध्यम भिंतीवरून फोनवर गेलं तरी त्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

"तिथे माणूस टिकला म्हणून काम टिकलं," काका म्हणाले.

"की तिथे मधली माणसं कमी म्हणून? अमूलच्या वर्गीस कुरियननी द कुन्हांना सांगून ठेवलं होतं की होर्डिंग आधी दाखवायला येऊ नका, लावा. आमच्याकडे एक ओळ माझ्या हातून निघून क्लायंटपर्यंत पोचायला सहा जण मधे. प्रत्येक जण 'अनुभवी'. प्रत्येक जण एक शब्द बदलतो. सहा जणांकडून सहा शब्द शिकायचे आणि ओळ हरवायची!"

मग तिने ओगिल्वींना बोलावलं. एजन्सीला नव्हे, खुद्द डेव्हिड ओगिल्वींना. विनोदाने माल विकला जात नाही, हा जुन्या जाहिरातगुरूंचा ठाम समज होता आणि ओगिल्वींनीही तो बराच काळ पाळला. १९८३ च्या 'ओगिल्वी ऑन अॅडव्हर्टायझिंग' या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की नव्या अभ्यासात विनोदाने विक्री होते असं दिसतंय आणि त्यामुळे आपल्याला हायसं वाटलं, कारण मंजुरीसाठी आलेल्या गमतीदार फिल्म नाकारताना आपल्याला स्वतःचाच राग यायचा. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

"विचार करा काका. त्या नाकारलेल्या फिल्म कुणीतरी ज्युनिअरांनीच लिहिल्या असणार. त्यांना 'अनुभवा'ने नाही म्हटलं, आणि त्या अनुभवाचं स्वतःच्या मनाशीही पटत नव्हतं."

"पण त्याने पुस्तकात लिहिलं की नाही? चुकलो म्हणून?"

"लिहिलं. पण ज्यांच्या फिल्म गेल्या त्यांना काय उपयोग?"

बर्नबाकचा १९४७ चा एक मजकूरही तिच्या बाजूचा आहे, तिने तो काढला नाही एवढंच. ग्रे एजन्सीत असताना त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं, की आपण तंत्राचे पुजारी होत चाललो आहोत, नियम ठाऊक असलेले कारागीर भरपूर आहेत आणि त्यांच्या जाहिराती एकसारख्या दिसतात. म्हणजे अनुभवाविरुद्धची तक्रार ही आजच्या पिढीचं लाडावलेपण नव्हे. ती धंद्याइतकीच जुनी आहे.

त्यापेक्षा कडू गोष्ट पुढे आली. २०१३ मध्ये फोर्ड फिगो गाडीची काही पोस्टर्स क्लायंटच्या मंजुरीशिवाय इंटरनेटवर गेली. त्यात बांधलेल्या बायका गाडीच्या डिकीत दाखवल्या होत्या. जगभर निषेध झाला, फोर्डला आणि एजन्सीच्या मूळ कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि एजन्सीतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अवॉर्डांसाठी, खऱ्या क्लायंटच्या गरजेविना केलेल्या कामाला धंद्यात 'स्कॅम अॅड' म्हणतात आणि ते नवख्यांकडून रात्री करून घेतलं जातं, हे सगळ्यांना माहीत असतं.

"हेही शेजारी बसूनच शिकतात," ती म्हणाली. "काय चालतं, ते. कुणाचं नाव क्रेडिट लिस्टमध्ये वर घालायचं, ते. त्याचं वर्कशॉप लागत नाही."

काकांनी यावर वाद घातला नाही. म्हणाले, "आमच्या वेळीही होतं. कमी होतं म्हणणार नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी जे काढलं ते या साऱ्या भांडणाच्या मुळाशी आहे, आणि एजन्सीच्या गप्पांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. पैसा. पूर्वी एजन्सीला वर्तमानपत्रं आणि वाहिन्या जाहिरातीच्या जागेच्या बिलावर पंधरा टक्के कमिशन देत. मोठा क्लायंट मिळाला की त्या पंधरा टक्क्यांत बरंच काही बसायचं: दोन जास्तीचे ट्रेनी, दुपारचं लांबलेलं जेवण, कॉपी चीफने नवख्याच्या मजकुरावर तासभर लाल पेन चालवणं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मीडियाचं काम वेगळ्या कंपन्यांकडे गेलं, कमिशन घासाघीस होत खाली आलं आणि त्याच्या जागी तासांवर मोजलेली फी आली.

"सत्यजित राय १९४३ मध्ये कोलकात्याच्या डी. जे. कीमरमध्ये ज्युनिअर व्हिज्युअलायझर लागले," काका म्हणाले. "महिना ऐंशी रुपये. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी 'बायसिकल थीव्ज' पाहिला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे शिकले ते थिएटरात. एजन्सीत नाही."

"तिकिटाचे पैसे एजन्सीचे होते ना! माझं म्हणणं इतकंच. शिकवायला वेळ लागतो आणि वेळाला पैसे लागतात. आम्हाला शिकवणारे देव नव्हते, त्यांच्याकडे दुपार होती."

यावर ती प्रथमच मान डोलावून गप्प बसली. पण तिला भलतीच काळजी होती. एकाच जाहिरातीची तीस मापं करणं, इंग्रजी ओळीचे मराठी पर्याय काढणं, चाळीस हेडलाइनी खरडणं, ही सगळी रटाळ कामं आतापर्यंत ज्युनिअरच्या वाट्याला होती आणि आता ती यंत्राकडे चालली आहेत. काका त्याबद्दल खूश होते. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानच्या तोंडून गल्लीतल्या दुकानांची नावं वदवली ती यंत्राच्याच मदतीने, आणि कल्पना माणसांची होती; मग गाढवमेहनत यंत्राने केली तर बिघडलं काय? त्याच वर्षी कॅडबरीनेच आपली नव्वदच्या दशकातली क्रिकेटच्या मैदानावर नाचणाऱ्या मुलीची जाहिरात उलटी करून मुलगा नाचवला आणि खेळायला मुली उतरवल्या. मापं कापून कुणाला ते सुचलं नसतं, असं काकांचं म्हणणं.

"सुचलं असतं," ती म्हणाली. "जुनी जाहिरात फ्रेमफ्रेम माहीत असल्याशिवाय ती उलटी करता येत नाही. आणि फ्रेमफ्रेम माहीत होते ती रटाळ कामातच. एकोणचाळीस वाईट लाइनी मी लिहिल्या नाहीत तर चाळिसावी चांगली आहे हे मला कळणार कसं? यंत्र मला चाळीस सरळ हातात देईल. तुम्ही त्यातल्या एकीवर बोट ठेवाल. तुम्हाला बोट ठेवता येतं, कारण तुम्ही तीस वर्षं वाईट लाइनी आणि वाईट ले-आउट पाहिलेत. माझी तीस वर्षं कुठून आणायची?"

काकांना याचं उत्तर सुचेना. थोड्या वेळापूर्वी गाढवमेहनतीवर चिडणारी मुलगी तीच मेहनत परत मागत होती आणि शेजारी बसून शिकायला सांगणारा माणूस ती यंत्राला द्यायला तयार होता.

"बरं," तिने अट घातली. "लाइनी मी हातानेच लिहीन. तुम्ही लोक नाकारा. पण प्रत्येक नाकारलेल्या लाइनीसमोर एक वाक्य लिहायचं. का नाही. पेन्सिलने, चार शब्द चालतील."

"कारण लिहिलं की तू त्यावर वाद घालशील."

"घालणार."

"म्हणजे चाळीस लाइनी, चाळीस कारणं, चाळीस वाद. टाइमशीटमध्ये हा वेळ कुठल्या जॉब नंबरवर टाकायचा? पंखेवाल्यांच्या?"

"ट्रेनिंगचा एक नवा जॉब नंबर उघडा."

"उघडतो. मग फायनान्समधून फोन येईल, की या जॉबचं बिल कुणाच्या नावाने काढायचं."

"तुमच्या."

"माझं पगारपत्रक बघितलंयस का?" काका म्हणाले, आणि टाइमशीट उघडून नव्या जॉबच्या रकान्यात क्लायंटचं नाव काय घालावं, याचा विचार करत बसले.